सात संशयित आणि आठ हंडे

डोंगरउतारावरच्या एका गावात रंगाऱ्यांची चाळीस घरे होती. तिथला मंजिष्ठेच्या मुळ्यांचा लाल रंग सगळ्या पंचक्रोशीत नावाजलेला होता. आईने नेसलेले लुगडे पुढे मुलीने नेसावे आणि तरीही त्याची लाली उतरू नये, अशी त्याची ख्याती. पण एके वर्षी तो रंग टिकेनासा झाला. दोन धुण्यांत कापड फिके पडू लागले. बाजारातून गाठोडी परत येऊ लागली, आणि काही घरांतली तरणी माणसे दुसऱ्या गावी काम शोधायला निघाली.

वस्तीचा प्रमुख नागोजी. पन्नाशीचा माणूस, हात मनगटापर्यंत कायमचे लालसर. त्याने बैठक बोलावली. गेल्या दोन वर्षांत कामात काय काय बदलले, ते प्रत्येकाने सांगायचे ठरले. सांगता सांगता सात बदल निघाले. पूर्वी बारवेचे पाणी वापरत, आता नव्या तलावाचे. रंग पकडून ठेवणारी तुरटी पूर्वी खड्यांची येई, आता भुकटी येते. रंगाआधी कापडाला द्यायचा हिरडा पूर्वी वर्षभर मुरवलेला असे, आता ताजाच घेतात. तांब्याच्या हंड्यांच्या जागी पितळी हंडे आले होते. बाभळीचे सरपण संपले म्हणून चुलीत कपाशीच्या काड्या जळत होत्या. कापड पूर्वी सावलीत वाळे, आता घाईने उन्हात घालत. आणि सातवा बदल म्हणजे तुळसा.

कोऱ्या कापडातली खळ धुऊन काढल्याशिवाय त्यावर रंग बसत नाही. हे धुण्याचे काम पूर्वी वस्तीतल्या बायका वाटून घेत. दोन वर्षांपूर्वी तुळसा नावाची एक विधवा आपल्या आंधळ्या सासूला घेऊन गावात आली, तेव्हा नागोजीनेच तिला ते काम दिले होते. कष्टाळू बाई होती. पण बाहेरची होती. बैठकीत पाणी, तुरटी, सरपण यांची नावे निघाली तेव्हा लोक नुसते ऐकत राहिले. तुळसाचे नाव निघाले तेव्हा मात्र माना डोलल्या.

"सगळंच पहिल्यासारखं करू ना," एक जण म्हणाला.

"कुठून करू?" नागोजी म्हणाला. "तांब्याचे मोठे हंडे मोडीत गेले. बाभळी तोडून झाल्या. एक-दोन गोष्टी मागे फिरवता येतील. सात नाही झेपायच्या. कोणत्या फिरवायच्या, ते आधी कळायला हवं."

गावाबाहेर एक वृद्ध आचार्य राहत. गणित आणि मोजमाप हा त्यांचा विषय. या वस्तीतलाच कान्होबा नावाचा तिशीतला तरुण सहा वर्षे त्यांच्याकडे शिकत होता. नागोजी त्या दोघांकडे गेला आणि सगळी हकीकत सांगून म्हणाला, "गुरुजी, यंदाच्या मुळ्या अगदी थोड्या उरल्यात. लहान हंड्यांत हातभर कापडाचे तुकडे रंगवले, तर अठरा हंडे होतील. पुढच्या मुळ्या वर्षाने यायच्या. तोवर वस्ती राहील की नाही, सांगवत नाही."

आचार्यांनी कान्होबाकडे पाहिले. "वस्ती तुझी आहे. तू कसं शोधशील?"

कान्होबाकडे उत्तर तयार होते. "एका वेळी एकच गोष्ट बदलायची, गुरुजी. पहिला हंडा सगळा आजच्या रीतीचा. दुसऱ्यात फक्त पाणी जुनं, बाकी सारं आजचं. तिसऱ्यात फक्त तुरटी जुनी. असे सात. ज्या हंड्याचा रंग टिकेल, त्यातला बदल हेच कारण. आठ हंड्यांत उत्तर हाती."

"बरं," आचार्य म्हणाले. "आठ हंडे तुझे. पण माझं पाहून होईपर्यंत कोणाला काही सांगू नकोस."

कान्होबाने मन लावून काम केले. आठ तुकडे रंगवले. प्रत्येकाची एक पट्टी न धुता बाजूला ठेवली आणि उरलेला तुकडा रिठ्याच्या गरम पाण्यात धूत राहिला. तुकडा आपल्या पट्टीपेक्षा उघड फिका दिसला की थांबायचे आणि तोवर किती धुणी सोसली ते मोजायचे, अशी पद्धत. पारख नागोजीची. आजच्या रीतीच्या तुकड्याने तीन धुणी सोसली. बारवेच्या पाण्याचा पाच धुण्यांपर्यंत टिकला, तुरटीच्या खड्यांचा चार. बाकीचे दोन ते चारच्या दरम्यान. आणि तुळसाऐवजी वस्तीतल्या बायकांनी धुतलेला तुकडा सहा धुण्यांपर्यंत टिकला.

"म्हणजे तीच," नागोजी हळूच म्हणाला. त्याच्या आवाजात सुटका होती आणि थोडी लाजही.

कान्होबाने गुरूंची सूचना विसरायला नको होती. पण चाळीस घरांचे डोळे त्याच्यावर लागले होते आणि उत्तर हातात होते. तो म्हणाला, "आकडे तसं सांगतात."

संध्याकाळपर्यंत ते वस्तीभर झाले. दुसऱ्या दिवशी सकाळी तुळसाला निरोप गेला की आठवड्याभरात तिने दुसरीकडे सोय पाहावी.

आचार्यांना हे कळले तेव्हा ते कान्होबाला रागावले नाहीत. एवढेच म्हणाले, "आठवडा आहे ना? मग माझे हंडे उद्याच लावू."

दुसऱ्या दिवशी त्यांनी जे केले, ते पाहून कान्होबा चक्रावून गेला. आचार्यांनी जमिनीवर खडूने आठ ओळींचा आणि सात स्तंभांचा एक तक्ता आखला आणि त्याबरहुकूम आठ हंडे मांडायला सांगितले. पहिला हंडा सगळा जुन्या रीतीचा होता. तेवढे समजण्यासारखे होते. पण दुसऱ्यात पाणी बारवेचे, तुरटी खड्यांची, हिरडा मात्र ताजा, भांडे तांब्याचे, सरपण काड्यांचे, वाळवण उन्हातले, धुणे तुळसाचे. तिसऱ्यात पाणी बारवेचे, पण तुरटी भुकटीची, हिरडा मुरवलेला, भांडे पितळी. पुढच्या प्रत्येक हंड्यात निराळीच सरमिसळ. एकाच वेळी चार-चार गोष्टी बदललेल्या.

"गुरुजी," तो न राहवून म्हणाला, "यातून काय कळणार? समजा, दुसरा हंडा चांगला निघाला, तर श्रेय कोणाचं? पाण्याचं, तुरटीचं की भांड्याचं? तुम्हीच शिकवलंत की गुंता वाढवू नये."

"शिकवलं खरं," आचार्य म्हणाले. "पाहू या. चार कोरे तुकडे तुळसाकडून धुऊन हवेत. तू जा आणि तिला विचार."

कान्होबा तिच्या घरी गेला. तुळसा दारात गाठोडी बांधत बसली होती. आत सासू भिंतीला टेकून बसली होती. तिने पावलांचा आवाज ऐकून विचारले, "कोण आलं गं?"

"रंगाऱ्यांकडचे आहेत," तुळसा म्हणाली, आणि कान्होबाकडे न पाहता गाठ आवळत राहिली.

त्याने अडखळत काम सांगितले. ती म्हणाली, "माझ्या हातानं रंग जातो म्हणता, आणि माझ्याच हातचं धुणं मागता?"

"पुन्हा पाहायचं म्हणतायत गुरुजी."

"खरंच पुन्हा पाहणार? की ठरलेलंच पुन्हा सांगणार?"

तिने हात पुढे केला. "द्या ते तुकडे. जाताना अर्धवट काम टाकून गेली, असं तरी कोणी म्हणायला नको."

आठही तुकडे रंगवून झाल्यावर आचार्यांनी प्रत्येकाच्या कोपऱ्याला गाठी मारल्या. कोणत्या गाठीचा तुकडा कोणत्या हंड्याचा, हे फक्त त्यांनाच माहीत. पारख पुन्हा नागोजीचीच होती, पण या वेळी समोरचा तुकडा कोणाच्या हातचा आहे, ते त्याला कळायला मार्ग नव्हता. तो पट्टीशी ताडून पाही, मान हलवी आणि सांगे, "हा अजून टिकून आहे," किंवा "हा गेला."

चार दिवस धुणी चालली. शेवटी आचार्यांनी गाठी ओळखून आकडे तक्त्यापुढे लिहिले. वरून खाली ते असे होते: नऊ, आठ, आठ, सात, सहा, पाच, तीन, पाच. नागोजी आणि वस्तीतली पाच-सहा माणसे जमली होती.

"आता पाण्याचा हिशेब काढ," आचार्य कान्होबाला म्हणाले. "बारवेच्या पाण्याचे हंडे चार. त्यांची धुणी मिळव."

कान्होबाने बेरीज केली. "बत्तीस."

"तलावाच्या पाण्याचे चार?"

"एकोणीस."

बैठकीत कुजबुज झाली. आचार्य शांतपणे म्हणाले, "आता तुळसाचा. वस्तीतल्या बायकांनी धुतलेले चार?"

"चोवीस."

"तुळसाने धुतलेले?"

कान्होबाने बेरीज केली, पुसली, पुन्हा केली. मान वर न करता तो म्हणाला, "सत्तावीस."

मग त्याने उरलेले पाचही हिशेब काढले. तुरटीच्या खड्यांची अठ्ठावीस, भुकटीची तेवीस. बाकी चारही गोष्टींत दोन्ही बाजू जवळजवळ सारख्या.

"पण गुरुजी," कान्होबा म्हणाला, "माझेही हंडे आठच होते. मीही प्रामाणिकपणे मोजलं. मग मला निराळं उत्तर का मिळालं?"

तेव्हा आचार्य बोलले. "तुझ्या प्रामाणिकपणात खोट नव्हती, मांडणीत होती. प्रत्येक हंड्याचं स्वतःचं काही दैव असतं. कापडाचा पोत थोडा निराळा असतो, चुलीपाशी वारा शिरतो, पारखणाऱ्याची नजर थकते. एखादा तुकडा त्यामुळे दोन-तीन धुणी जास्त टिकतो, एखादा कमी. तू तुळसाबद्दल एकाच हंड्याला विचारलंस. त्या हंड्याचं दैव चांगलं निघालं आणि त्या दैवाला तू कारण समजलास. शिवाय तो तुकडा कोणाचा, हे पारखणाऱ्याला ठाऊक होतं. माझ्या मांडणीत तुळसाबद्दल आठही हंडे बोलतात, चार एका बाजूने आणि चार दुसऱ्या. पाण्याबद्दलही तेच आठ बोलतात, तुरटीबद्दलही. एखाद्या हंड्याचं दैव फिरलं, तरी बाकीचे त्याला सावरून घेतात."

"आणि सरमिसळ? पाण्याचं श्रेय तुरटीला जात नाही?"

"तक्ता नीट पाहा. बारवेच्या पाण्याचे चार हंडे घे. त्यांत दोन खड्यांचे आहेत, दोन भुकटीचे. दोन तुळसाने धुतलेले, दोन इतरांनी. तलावाच्या पाण्याच्या चारांतही तसंच. दोन्ही पारड्यांत बाकी सगळं सारखं पडलंय, म्हणून फरक उरतो तो पाण्याचाच. तुला जो गुंता वाटला, तो मोजून मापून विणलेला होता."

येसाजी नावाचा एक वयस्क रंगारी मागे बसला होता. तो म्हणाला, "गुरुजी, याहून सोपं नसतं का? निम्मे बदल एका हंड्यात, निम्मे दुसऱ्यात. जो हंडा सुधारेल, त्याचे पुन्हा दोन भाग करायचे. चार-पाच हंड्यांत काम झालं असतं."

"चांगली रीत आहे," आचार्य मनापासून म्हणाले. "दोषी एकच असता, तर माझ्याआधी तुम्ही त्याच्यापाशी पोचला असता. पण इथे दोन निघाले, पाणी आणि तुरटी. ते वेगवेगळ्या गटांत पडले असते, तर दोन्ही हंडे थोडेथोडे सुधारले असते. मग कोणता गट पुढे न्यायचा? आणि एकाच गटात एक गोष्ट रंग टिकवणारी आणि दुसरी घालवणारी असती, तर दोघींनी एकमेकींना झाकून टाकलं असतं. संशयित पुष्कळ आणि दोषी एखादाच असेल, तेव्हा तुमची रीत. मुळ्या भरपूर असतील आणि हंड्यांचं दैव फारसं हलत नसेल, तेव्हा कान्होबाची रीतही चालते. आपल्याकडे मुळ्या कमी होत्या आणि दैव लहरी होतं."

"म्हणजे तुमची रीत चुकत नाही?" नागोजीने विचारले.

"चुकते की. दोन गोष्टी एकत्र आल्यावरच काही घडत असेल, तर माझ्या तक्त्यात ते तिसऱ्याच कोणाच्या नावावर पडू शकतं. आठ हंड्यांत सात प्रश्न विचारले, त्याची ही किंमत. म्हणून तर दोन हंडे राखून ठेवलेत. हा तक्ता कोणालाही दोषी ठरवत नाही. पुढे कोणाला नीट पाहायचं, तेवढं सांगतो. त्याआधी कोणाला गावाबाहेर घालवू नये."

हे शेवटचे वाक्य त्यांनी कोणाकडे पाहून म्हटले नाही. तरी नागोजीने मान खाली घातली.

पाणी दोषी आहे, हे मात्र कोणाच्या पचनी पडेना. तलावाचे ते पाणी गावाचे कौतुक होते. गोड, मऊ, हलके. त्यात डाळ लवकर शिजे आणि केस मऊ राहत. बारवेच्या उंच पायऱ्या उतरून जड पाणी आणण्यातून बायका सुटल्या होत्या. सातांच्या यादीत पाण्याचे नाव होते खरे, पण त्याच्यावर संशय कोणीच घेतला नव्हता.

"बारवेच्या पाण्यात असं काय आहे?" कान्होबाने विचारले. "काही दिसतं का त्यात?"

"दिसतं काय, भांड्याला पांढरं किटण चढतं," नागोजीची बायको दारातून म्हणाली. "चुन्यासारखं. खरवडून काढताना बोटं सोलायची आमची."

कान्होबा तिच्याकडे पाहतच राहिला. मग गुरूंकडे वळला. "गुरुजी, चुनाच असेल तर? एक हंडा बारवेच्या पाण्याचा लावू आणि दुसरा तलावाच्या पाण्याचा, त्यात चिमूटभर चुना घालून. तुरटी दोन्हींत खड्यांची. बाकी सगळं आजच्या रीतीचं. तुळसाच्या हातचं धुणंही."

आचार्य पहिल्यांदाच हसले. "लाव."

पहिल्या हंड्याचा तुकडा नऊ धुण्यांपर्यंत टिकला. चुन्याचा आठ. नागोजीने आठव्या धुण्यानंतरचा तो तुकडा उन्हात धरला, उलटसुलट करून पाहिला आणि डोक्यावरची पगडी काढून मांडीवर ठेवली. बऱ्याच दिवसांनी त्याचा चेहरा सैल झाला होता.

पण त्याच्याही आधी, तक्त्याची बेरीज झाली त्याच संध्याकाळी, कान्होबा तुळसाच्या घरी गेला होता. सोबत कोणी नव्हते. गुरूंनी पाठवलेही नव्हते. गाठोडी दाराशी रचलेली होती.

"तुळसाताई," तो म्हणाला, "मी चुकलो. तुमच्या हातच्या कापडाचा रंग उलट थोडा जास्तच टिकला. पण मी ते पुरतं पाहायच्या आधीच बोललो. तुमच्यावर जे आलं, ते माझ्यामुळे."

तुळसाने विचारले, "उद्या माझा हात वाईट निघाला असता तर?"

"तर तेही सांगायला मीच आलो असतो. पण सगळं पाहून झाल्यावर."

आतून सासूने विचारले, "जायचं का गं उद्या?"

तुळसा उठली, तिने वरचे गाठोडे सोडले आणि त्यातून सासूची घोंगडी काढून तिच्या खांद्यावर घातली. "थंडी पडलीय," ती म्हणाली. मग दाराकडे वळून, "भाऊ, उद्या किती तुकडे धुवायचेत?"

"दोन."

"सकाळी घेऊन या."

पुढच्या मोसमात मुळ्या आल्या तेव्हा वस्तीने चुना मोजून घालण्याची रीत बसवली आणि तुरटी पुन्हा खड्यांची आणवली. बाकी सगळे नव्या पद्धतीचेच राहू दिले. कामाला गेलेली तरणी माणसे एकेक करून परतली. त्याच वर्षी शेजारच्या गावातला एक कुंभार कान्होबाकडे आला. म्हणाला, "माझी मडकी भट्टीत तडकतात. कारण मला माहीत आहे. माझा नवा गडी माती नीट मळत नाही. तुम्ही फक्त तसं सांगा, म्हणजे त्याला काढून टाकतो."

कान्होबाने त्याला बसायला घोंगडे दिले, पाणी दिले. मग विचारले, "गडी आला त्या सुमाराला आणखी काय काय बदललं होतं?"

"आणखी?" कुंभार गोंधळला. "तसं... माती दुसऱ्या ओढ्याची आणतो हल्ली. आणि भट्टी थोडी वाढवलीय. शेणीही..."

"सावकाश सांगा," कान्होबा म्हणाला आणि त्याने खडू हातात घेतला. "मडकी पुष्कळ भाजावी लागणार नाहीत. आणि गड्यालाही बोलावून घ्या. काय बदललंय, ते त्यालाही ठाऊक असेल."

घरात, कचेरीत, गावात काही बिघडले की एक नाव आपल्या ओठांवर आधीच तयार असते. ते उच्चारण्यापूर्वी उरलेल्या सहांनाही तितक्याच न्यायाने विचारून पाहावे.